किल्लीकाकांची हरकत

किल्लीकाकांनी आयुष्यात हजारो गाड्या चालवल्या, पण दुसरा गिअर कधी टाकला नाही. त्याची गरजच पडली नाही. पहिला गिअर टाकायचा, गाडी चार हात पुढे घ्यायची. रिव्हर्स टाकायचा, चार हात मागे घ्यायची. समुद्रकिनाऱ्यावरचं ते पार्किंग इतकं ठासून भरायचं की मागची एक गाडी काढायला पुढच्या तीन हलवाव्या लागत. म्हणून लोक किल्ली काकांच्या हातात टेकवून पाण्यात डुंबायला जात. काका ती केबिनमधल्या फळीवर खिळ्याला अडकवत आणि दिवसभर गाड्यांची मांडामांड करत बसत. लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं. पण फाटकाच्या आत लायसन्स विचारायला कोण येतंय! फाटकाबाहेर गिऱ्हाइकाची गाडी न्यायची नाही हा पार्किंगचा पहिला नियम होता, आणि काका म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस.

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. पोरंटोरं, दुकानदार, पोलीस, सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र साधी सायकलसुद्धा नव्हती. या किनाऱ्यावर ही मोठीच नवलाची गोष्ट. इथे गाडीवाचून कोणाचं पान हलत नाही. पलीकडच्या गल्लीतून पाव आणायला निघालेला माणूससुद्धा आधी खिशात किल्ली चाचपून बघतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून एकच रस्ता. त्या एका रस्त्यावर साऱ्या मुलखाने आपापली गाडी आणून सोडलेली. बस होती, नाही असं नाही. पण ती तिच्या मर्जीने यायची आणि लोकांनी तिचा नाद केव्हाच सोडला होता.

काकांना माणसं चेहऱ्याने कमीच कळत. गाडीने कळत. एकदा किराणा दुकानात एक बाई त्यांच्याकडे बघून हसल्या. काका गोंधळून बघत राहिले. बाईंनी खिशातून लाल गोंडा लावलेली किल्ली काढून दाखवली, तेव्हा कुठे काकांचा चेहरा उजळला. ‘अरेच्चा, तुम्ही होय! मागचा दिवा बदलला का नाही अजून?’ म्हणाले. यावर दुकानदाराने पुढे कितीतरी दिवस त्यांची टर उडवली.

एक गाडी मात्र अशी होती, की ती फाटकातून आत वळली की काका हातातलं काम टाकून उभे राहत. गडद हिरवी, उजव्या दारावर खरचटलेली. ती त्यांच्या मुलाची.

तो रविवारी यायचा. दर रविवारी नाही, पण यायचा. गाडी थेट भिंतीकडच्या टोकाला नेऊन लावायचा. तिथे लावलेली गाडी हलवावी लागत नाही, म्हणजे किल्ली ठेवावी लागत नाही. काका तरी जवळ जात आणि हात पुढे करत.

‘‘किल्ली?’’

‘‘राहू दे.’’

झालं बोलणं. आई गेल्यापासून बाप-लेकात एवढाच संवाद चालत आला होता. मागच्या सीटवर नात असायची, पट्ट्यात अडकवलेली. आधी ती दुपट्यातलं गाठोडं होती, मग बोटं चोखणारी झाली, आणि आता खिडकीची काच खाली करून ‘‘किल्लीकाका, टाटा!’’ म्हणू लागली होती. सगळी मुलं म्हणतात तसंच तीही म्हणायची. हा माणूस आपला आजोबा आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. काकांच्या तोंडावर शंभरदा आलं आणि शंभरदा त्यांनी ते गिळलं. पोरीच्या टाटाला टाटा करून ते केबिनमध्ये जात आणि उगाचच फळीवरच्या किल्ल्या सरळ करत बसत.

आता कोणी विचारेल, मुलाला इतका राग होता तर तो याच पार्किंगला कशाला तडमडायचा? दुसरीकडे जागा नसते, असं तो बायकोला सांगत असणार. जागा असायची. दीपस्तंभापाशी मोठं पार्किंग होतं, आणि तिथे सावलीसुद्धा होती. पण ही गोष्ट त्याने कधी स्वतःशीही कबूल केली नसेल. हट्टीपणात बापाच्या वर होता तो.

त्या रागाचं मूळ असं.

तो रविवारच होता, ऐन दुपार. काकांची बायको नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. घर पार्किंगच्या मागेच, चालत येण्यासारखं. केबिनमधल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, छातीत जड जड वाटतंय. बघता बघता तिला दरदरून घाम फुटला. काकांनी फोन केला. अँब्युलन्स निघालीच, असं पलीकडून सांगितलं. केबिनच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंनी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, टपांवर ऊन चकाकत होतं आणि एकही चाक हलत नव्हतं. काका खिडकीशी गेले, बायकोजवळ आले, पुन्हा खिडकीशी गेले. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. अखेर त्यांचा धीर सुटला. फळीवरची हाताला लागली ती किल्ली त्यांनी ओढली. फाटकाजवळच्या राखाडी गाडीची होती. बायकोला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते फाटकाबाहेर पडले.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन नुसतं किंचाळत होतं. दुसरा असतो हे त्यांना माहीत होतं, पण टाकायची छाती झाली नाही. तसाही त्या रस्त्याला दुसरा गिअर लागणार नव्हता. थोडं अंतर गेले आणि गर्दीत रुतून बसले. हॉर्न वाजवला, तर पुढच्याने काच खाली करून त्यांचा उद्धार केला. मध्ये घुसणारा कोणीतरी उपटसुंभ आहे, असंच सगळ्यांना वाटलं. आणि तेवढ्यात समोरून सायरन ऐकू आला. अँब्युलन्स रस्त्याच्या कडेने, वाळूतून, कशीबशी वाट काढत येत होती. काकांनी हात बाहेर काढून जिवाच्या आकांताने हलवला. हा वाट देतोय असं वाटून चालकाने त्यांनाच हात केला आणि तो पुढे निघून गेला. गेला तो पार्किंगला. तिथे रिकामी केबिन आणि न उघडलेला डबा. विचारत विचारत ते लोक मागे फिरले आणि राखाडी गाडीपाशी पोचले, तोवर बायकोचं डोकं काचेला टेकलेलं होतं आणि सगळं आटोपलं होतं.

जागेवरच थांबले असते तर ती वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी दिलासा म्हणूनच म्हटलं असेल. पण त्या ‘सांगता येत नाही’ने काकांची झोप कायमची नेली.

मुलगा डोंगरावरच्या वसाहतीतून धावतपळत हॉस्पिटलला आला. सगळं ऐकून घ्यायची त्याची मनःस्थिती नव्हती. अँब्युलन्सला उशीर झाला, एवढंच त्याला कळलं होतं. बापाच्या समोर उभा राहून तो म्हणाला, ‘‘फळीवर गावभरच्या किल्ल्या टांगल्यात तुमच्या. आईसाठी एक उचलवली नाही? नियम आडवा आला?’’

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलगा म्हणत होता ते खोटं होतं, पण खऱ्यापेक्षा ते पुष्कळ बरं होतं. पोराने आपल्याला भित्रा समजावं, नियमाचा बैल समजावं, हवं ते समजावं. पण मदत दारात येत असताना आईला घेऊन भलतीकडे निघालेला बाप, असं त्याने समजू नये. तेव्हा काका गप्प बसले. मुलाने ते गप्प बसणं म्हणजे कबुली धरली.

डॉक्टर आणि अँब्युलन्सवाले सोडले तर खरी गोष्ट माहीत असलेला माणूस एकच, किनाऱ्यावर उन्हाच्या छत्र्या भाड्याने देणारा छत्रीवाला. रस्त्यात सोडलेली राखाडी गाडी त्यानेच परत आणून लावली. मालक पाण्यातून बाहेर यायच्या आत किल्ली खिळ्याला अडकवली आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तसा तो बडबड्या, पण या बाबतीत त्याने ओठ शिवून घेतले होते.

आणि मग ट्राम निघाली.

म्हणजे ती शहरात आधीपासून होती, स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत. आता दुसरा टप्पा किनाऱ्यावरून आणायचं ठरलं. पार्किंगच्या फाटकावर मोठा फलक लागला. फलकावर ‘लाइट रेल’ असं लिहिलेलं. छत्रीवाला त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

‘‘लाइट म्हणजे काय? विजेवरची, का वजनाला हलकी?’’

‘‘ट्राम म्हणजे ट्राम,’’ काका म्हणाले.

‘‘काय असेल ती असो, आपल्याला जडच जाणार. नकाशा बघितलास? शेवटचा थांबा कुठंय?’’

काकांनी नकाशा बघितला. ठळक लाल रेघ डोंगराकडच्या वसाहतीच्या पायथ्याशी असलेल्या स्टेशनपासून निघून, हॉस्पिटलवरून, किनाऱ्याकिनाऱ्याने येत होती आणि बरोबर पार्किंगवर येऊन संपत होती. जिथे भिंतीकडचं टोक होतं तिथे एक छोटा चौकोन काढून ‘फलाट’ असं लिहिलं होतं.

नोकरीची त्यांना फारशी फिकीर नव्हती. निवृत्तीला आले होते, आणि एकट्या जिवाला लागतं किती? त्यांच्या डोळ्यांसमोर आली ती हिरवी गाडी. पार्किंग गेलं की ती येणार कशाला? मुलगा आला तरी ट्रामने येईल. ट्राममध्ये किल्ली नसते, दार आपोआप उघडतं, माणसं भसकन बाहेर पडतात आणि पांगतात. त्या लोंढ्यात तो खाली मान घालून निघून गेला तर आपल्याला पत्तासुद्धा लागणार नाही. आणि नात? तिने टाटा करायचा तो कोणाला? काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

छत्रीवाल्याने किनाऱ्यावरचे सगळे दुकानदार गोळा केले. लोक गाडीने येतात म्हणून छत्र्या लागतात, खुर्च्या लागतात. ट्रामने येणारा माणूस काखेत टॉवेल मारून येईल आणि वाळूत लोळून परत जाईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. जनसुनावणीची तारीख लागली. दुकानदार बोलले तर लोक म्हणणार, यांच्या पोटावर पाय येतोय म्हणून ओरडतात. बोलायला काकाच हवे होते.

‘‘सगळा गाव तुला मानतो,’’ छत्रीवाला म्हणाला. ‘‘मी लिहून देतो, तू नुसतं वाच. तुझ्यासाठी मी एवढी वर्षं गप्प बसलो ना? मग माझ्यासाठी तू एकदा बोल.’’

तो हे धमकीने म्हणाला नव्हता, हक्काने म्हणाला होता. पण काकांच्या कानाला ते धमकीसारखंच लागलं. शिवाय नाही म्हणायला कारण तरी कुठे होतं? ट्राम नकोच होती त्यांना. फक्त का नको, ते छत्रीवाल्याच्या कागदावर नव्हतं.

सुनावणी ठेवली होती महामार्गालगतच्या एका सभागृहात. सार्वजनिक वाहतुकीची चर्चा, आणि तिथे जायला एकही बस नाही. ही अक्कल कोणाची होती कोण जाणे. सगळे गाड्यांनी आले. बाहेर जागा पुरेना, म्हणून ट्राम हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे पार्किंगवरून आधी दारातच भांडले. काकांना छत्रीवाल्याने आपल्या टेंपोतून नेलं. आत शिरताना काकांची नजर सवयीने बाहेरच्या गाड्यांवरून फिरली आणि पाय जागीच थबकले. हिरवी गाडी कुंपणापाशी उभी होती.

मुलगा दुसऱ्या बाजूला बसला होता, ट्राम हवी म्हणणाऱ्यांत. नुसता बसला नव्हता, तो त्यांचा पुढारीच निघाला. घरोघरी जाऊन सह्या त्यानेच गोळा केल्या होत्या म्हणे. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘राहू दे’ या दोन शब्दांत कितीसं कळणार?

अधिकारी मंचावर बसले होते. सभ्य गृहस्थ होते, पण रोज अशा सुनावण्या घेऊन पार दमलेले. त्यांनी मुलाला बोलायला बोलावलं. मुलगा शांतपणे बोलला, कागद न बघता. ट्रामसाठी रस्त्याच्या कडेला वेगळा पट्टा असेल आणि त्यावर इतर गाड्यांना बंदी असेल, म्हणाला. वेळ पडली तर त्याच पट्ट्यावरून अँब्युलन्स जाऊ शकेल. मग तो जरा थांबला.

‘‘माझी आई रविवारी दुपारी गेली. अँब्युलन्स याच रस्त्यात अडकली होती. पार्किंगच्या केबिनमध्ये, एका स्टुलावर बसून, वाट बघत बघत ती गेली. तेव्हा पट्टा असता तर ती आज माझ्या मुलीला फिरवायला नेत असती. माझं एवढंच म्हणणं आहे.’’

काकांच्या हातातला कागद घामाने ओला झाला होता. पोराने इतकी वर्षं मनात आईला त्या स्टुलावर एकटीला बसवून ठेवलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. आपण त्याला रागच दिला असं ते समजत होते. हे चित्रही आपणच दिलं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

‘‘पार्किंगचे कर्मचारी,’’ अधिकाऱ्यांनी पुकारलं.

छत्रीवाल्याने काकांना कोपराने ढोसलं. काका माइकसमोर गेले. कागद उघडून वाचू लागले. ‘‘आम्ही किनाऱ्यावरील सर्व लहान व्यावसायिक या प्रकल्पास तीव्र हरकत...’’ त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

‘‘हे मी लिहिलेलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘माझी हरकत वेगळी आहे साहेब. माझा मुलगा रविवारी तिथे गाडी लावायला येतो. मी किल्ली मागतो, तो राहू दे म्हणतो. तेवढंच आमचं भेटणं. बरोबर नात असते. ती मला किल्लीकाका म्हणते. तिला काही माहीत नाही. पार्किंग गेलं की हेही जाणार, म्हणून मला ट्राम नको होती. बाकी मला काही कळत नाही.’’

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. छत्रीवाल्याने कपाळाला हात लावला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. हे कोणत्या सदरात घालावं, ते त्यांना कळेना.

‘‘म्हणजे आपली हरकत आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘नोंदवून घेऊ?’’

‘‘घ्या. पण मनावर घेऊ नका,’’ काका म्हणाले. ‘‘ट्राम होऊ दे. त्या रस्त्यात अडकणं काय असतं ते मी बघितलंय. माझं काय, माझं होईल काहीतरी.’’

ते जागेवर परत गेलेच नाहीत. कोणाच्या नजरेला नजर द्यायचा धीर त्यांना नव्हता. बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि चालू लागले. घर लांब होतं, आणि त्या रस्त्याला चालणाऱ्यासाठी कडेला हातभर जागासुद्धा कोणी ठेवली नव्हती. संध्याकाळ उतरत होती. थोड्याच वेळात सुनावणी संपली आणि हवी म्हणणाऱ्यांच्या व नको म्हणणाऱ्यांच्या गाड्या एकदमच रस्त्यावर आल्या. रस्ता ताबडतोब तुंबला. काका गटाराच्या कडेकडेने, गाड्यांच्या आरशांपासून अंग चोरत चालले होते. त्यांच्या पुढे एक गाडी बाजूला होऊन थांबली. उजव्या दारावर खरचटलेलं होतं.

‘‘बसा,’’ मुलगा म्हणाला.

काका बसले. या गाडीचा एकूण एक ओरखडा त्यांना बाहेरून पाठ होता. आत ते पहिल्यांदाच येत होते. मागच्या सीटवर नातीचा एक बूट पडला होता. मुलाने गाडी पुन्हा रांगेत घातली. रांग हलत नव्हती.

‘‘तिथे बोललात ते खरं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मग मला कधी बोलला का नाहीत?’’

‘‘तू तरी कुठे बोललास?’’

काकांच्या मनात आलं, इथेच थांबावं. पोराने बोलावलं, शेजारी बसवलं, पुष्कळ झालं. उद्या कदाचित नातीलाही सांगेल. हे सगळं आपल्या हाताने कशाला उधळायचं? पण सभागृहात ऐकलेलं ते केबिनमधलं स्टूल त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

‘‘आई केबिनमध्ये नाही गेली,’’ ते म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘मी एक किल्ली उचलली होती.’’

आणि त्यांनी सगळं सांगितलं. राखाडी गाडी सांगितली, किंचाळणारं इंजिन सांगितलं. समोरून आलेली अँब्युलन्स, तिला दाखवलेला हात, तिचं पुढे निघून जाणं, रिकामी केबिन. काही वगळलं नाही. स्वतःची बाजूही घेतली नाही. सांगताना त्यांचा उजवा पाय नकळत खालच्या चटईवर दाबला जात होता.

मुलाचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. ‘‘तुम्ही जागेवर थांबला असतात तर...’’

‘‘हो.’’

‘‘एवढी वर्षं मला काहीच...’’

‘‘सांगितलं असतं तर तू पार्किंगलाही आला नसतास.’’

मुलाने मान दुसरीकडे वळवली. खिडकीबाहेर समुद्राचा करडा पट्टा तेवढा दिसत होता. आता हा उतरा म्हणणार, असं काकांना वाटलं. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. त्याने तसं म्हटलं असतं तर त्यांना ते योग्यच वाटलं असतं. पण मुलाने जे विचारलं ते वेगळंच होतं.

‘‘गाडीत काही बोलली का ती?’’

इतक्या वर्षांत हे काकांना कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, छत्रीवाल्यानेही नाही.

‘‘बोलली ना. मी चालवतोय आणि ती शेजारी बसलीय, असं पहिल्यांदाच होत होतं. एवढं दुखत होतं तरी पदर सावरून नीट बसली. मी घाबरलोय हे तिला कळलं असणार. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, अहो, सावकाश चालवा. मला काही घाई नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय,’’ काका म्हणाले. ‘‘सावकाश चालवली.’’

पुढची रांग सुटली होती आणि समोर बराच रस्ता मोकळा झाला होता. मागून हॉर्नवर हॉर्न वाजू लागले. मुलाने गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.